शाळेच्या छपरावरचा सूर्य

मराठीत ‘चिमणी’ हा एक शब्द तीन गोष्टींना पुरतो. अंगणात दाणे टिपते ती एक. कोराडी-खापरखेड्याला आभाळात धूर सोडते ती दुसरी. तिसरी आता बहुतेक घरांतून गेली. पत्र्याची नाहीतर काचेची लहानशी डबी, झाकणाला भोक, भोकातून वर काढलेली चिंधीची वात आणि डबीत रॉकेल. आमच्या घरात त्याला ‘मिट्टी का तेल’ म्हणत. माझा सगळा प्राथमिक अभ्यास या तिसऱ्या चिमणीपाशी झाला. आज बोलायचे आहे ते तिच्या जागी सूर्य कसा आला याबद्दल. आणि खेड्यातल्या शाळांवर तो बसवला, असे कागद सांगतात, तिथे तो टिकला का, याबद्दलही.

मी नागपूरला प्रताप नगरात राहतो. गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्या भागातल्या गच्च्यांचे रूप पालटले आहे. पूर्वी या गच्च्यांवर कुरड्या-पापड वाळत, मिरच्या वाळत आणि मे महिन्यात पाणी शिंपडून रात्रीच्या गाद्या पडत. आता तिथे लोखंडी सांगाड्यांवर निळसर-काळी पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून बसली आहेत. २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने घरगुती छतांसाठी सूर्यघर योजना आणली आणि नागपूर जिल्हा त्यात राज्यात आघाडीवर राहिला. शेजारी संध्याकाळी फाटकाशी भेटले की पूर्वी ‘पाऊस कुठवर आला’ विचारत, आता ‘आज किती युनिट झाले’ विचारतात. मला याचा आनंदच आहे. पण घरांच्या गच्चीवर इतक्या थाटात आलेला सूर्य खेड्यातल्या शाळेच्या टिनावर कधी पोचला आणि कुणी पोचवला, हा हिशेब फारसा कुणी मांडत नाही.

माझे गाव यवतमाळ जिल्ह्यातले, कापसाचे. दोन-अडीचशे उंबरठ्यांचे. अब्बा जिनिंगमध्ये कामाला होते. आम्ही भावंडे जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकलो. पुढे माझ्या हातून जी काही मराठी कविता लिहिली गेली तिचे मूळ त्या शाळेच्या ओसरीत आहे. घरात चिमणी एकच. ती आधी चुलीपाशी अम्मीजवळ असायची, स्वयंपाक झाला की आमच्याकडे यायची. मधे चिमणी आणि भोवती आम्ही तिघे. ज्याची वही जवळ त्याला उजेड, बाकीच्यांना सावल्या. सकाळी नाक शिंकरले की रुमाल काळा. रेशनचे रॉकेल महिनाभर पुरवायचे, म्हणून अम्मी म्हणायची, ‘पढना है तो दिन में पढो.’ दिवसा तर कापूस वेचायला जावे लागे.

माझी आपा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. तिचे अक्षर असे, की गुरुजी फळ्यावरचा सुविचार तिच्याकडून लिहून घेत. सातवीत असताना एका रात्री अभ्यास करता करता तिचा डोळा लागला आणि चिमणी कलंडली. ओढणीने पेट घेतला. जीव वाचला, पण उजवा हात कोपरापर्यंत भाजला आणि बोटे आखडली. बरे व्हायला पाच महिने गेले. तोवर शाळा सुटली ती सुटलीच. घरात या गोष्टीबद्दल पुढे कुणी बोलले नाही. विजेचा इतिहास आपल्याकडे मेगावॉटमध्ये सांगतात. तो मला कधीच पूर्ण वाटत नाही, त्याचे कारण ही रात्र आहे.

आता गंमत पाहा. आपा भाजली त्या वर्षी आमचे गाव सरकारी दप्तरात ‘विद्युतीकरण झालेले गाव’ होते! गावाबाहेरच्या एका बागायतदाराच्या विहिरीवर मोटार बसली होती, तेवढ्यावर. व्याख्याच तशी होती. गावाच्या महसुली हद्दीत कुठेही, कोणत्याही कामासाठी वीज वापरली गेली की गावाला वीज मिळाली असे धरत. ही व्याख्या १९९७ पर्यंत चालली. त्या वर्षी एवढाच बदल झाला, की वीज लोकवस्तीत आलेली असावी. २००४ मध्ये पहिल्यांदा असे ठरले, की शाळा, ग्रामपंचायत, दवाखाना अशा सार्वजनिक ठिकाणी वीज असेल आणि निदान दहा टक्के घरांत असेल, तरच ते गाव विद्युतीकरण झालेले म्हणायचे. म्हणजे स्वातंत्र्यानंतर सत्तावन्न वर्षांनी ‘शाळा’ हा शब्द विजेच्या व्याख्येत आला. देशातल्या शेवटच्या गावाला वीज पोचल्याची घोषणा २८ एप्रिल २०१८ रोजी झाली. मणिपूरमधले लाइसांग हे ते गाव. दहा टक्क्यांचा नियम मात्र तेव्हाही तोच होता.

आमच्या विदर्भात हा विनोद जास्त बोचतो. कोराडीचे वीज केंद्र १९७४ साली सुरू झाले. पुढे चंद्रपूरचे आले. खापरखेडा तर त्याही आधीचे. कोळसा इथला, पाणी इथले, राख इथल्या वावरांवर. उच्च दाबाच्या तारा गावांच्या डोक्यावरून गुणगुणत मुंबई-पुण्याकडे जात आणि खाली पोरे चिमणीला तिन्हीकडून चिकटून बसत. २००५ नंतरची काही वर्षे आठवा. तारा आल्या, मीटर आले आणि भारनियमनही आले. ग्रामीण भागात दिवसाचे दहा-दहा, बारा-बारा तास वीज नसायची. आमच्या शाळेत पहिला बल्ब लागला तेव्हा मी नागपुरात बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. तो बल्ब मी पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत पाहिला. लागलेला नव्हता, लटकलेला होता.

खेड्याला दिवा कोणता द्यावा, हा प्रश्न मात्र जुना आहे आणि तो आमच्या शेजारी वर्ध्याला फार गंभीरपणे विचारला गेला होता. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या जागेत, मगनवाडीत, त्याचे काम चाले आणि ते पाहत होते जे. सी. कुमारप्पा. हा माणूस मूळचा हिशेबनीस. लंडनला चार्टर्ड अकाउंटंट झालेला, अमेरिकेत अर्थशास्त्र शिकलेला. म्हणून त्याने दिव्याकडेही हिशेबाच्या नजरेने पाहिले. रॉकेलचा प्रत्येक डबा गावातला पैसा बाहेर नेतो, थेट परदेशी कंपनीच्या तिजोरीत, आणि कडुनिंब-करंजीच्या बिया मात्र गावातच झाडाखाली कुजतात. तेव्हा वनस्पती तेलावर जळणारा, काचेचा, वारा लागला तरी न विझणारा कंदील का करू नये? असा कंदील मगनवाडीत तयार झाला. त्याचे नाव ‘मगन दीप’. मगनलाल गांधींच्या आठवणीने हे नाव. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते उघडलेले मगन संग्रहालय वर्ध्यात आजही आहे. त्याच वर्ध्यात १९३७ च्या ऑक्टोबरात शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन यांच्या समितीने नई तालीमचा अभ्यासक्रम तयार केला. मुलाने हाताने काम करत शिकावे हे एका ठिकाणी ठरत होते, आणि त्याच्या घरी रात्री कोणता दिवा असावा हे त्याच गावात दुसऱ्या ठिकाणी.

मगन दीप गावोगाव पोचला नाही. स्वस्त रॉकेलने आणि चिमणीने त्याला हरवले. पण कुमारप्पांनी विचारलेला प्रश्न, दिवा गावाचा आहे पण त्यातले तेल कुणाचे, हा पुढच्या प्रत्येक दिव्याला विचारावा असा आहे.

दुसरा दिवा फलटणचा. अनिलकुमार राजवंशी कानपूरच्या आयआयटीत शिकलेले अभियंते. अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन १९८१ साली ते सातारा जिल्ह्यातल्या फलटणला, निंबकर कृषी संशोधन संस्थेत येऊन राहिले. खेड्यातल्या घराला नेमका किती उजेड लागतो, चिमणी आणि कंदील किती देतात, किती तेल खातात, हे त्यांनी मोजायला घेतले. चिमणीचा उजेड खरे तर उजेड म्हणायच्या लायकीचा नसतो. बहुतेक तेल धुरात आणि उष्णतेत जाते. त्यातून त्यांनी दाबावर चालणारा, जाळीच्या मेंटलचा, रॉकेलवरही आणि अल्कोहोलवरही जळणारा कंदील बनवला. साध्या विजेच्या शंभर वॅटच्या बल्बाच्या आसपास उजेड देणारा. त्याचे नाव त्यांनी ठेवले ‘नूरी’. नूर म्हणजे उजेड, हे आमच्या घरात रोजच्या बोलण्यातले. फलटणच्या प्रयोगशाळेत तो शब्द कंदिलावर जाऊन बसला, हे वाचले तेव्हा मला उगीच आपले कुणीतरी भेटल्यासारखे वाटले. राजवंशींना २०२२ साली पद्मश्री मिळाली.

वर्ध्याचा काय आणि फलटणचा काय, दोन्ही दिवे जळणारे होते. न जळणाऱ्या उजेडाची गोष्ट दुसरीकडून येत होती. २५ एप्रिल १९५४ रोजी अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअरसन या तिघांनी सिलिकॉनची सौर चकती लोकांना दाखवली. पडलेल्या उन्हापैकी सहा टक्के उन्हाची ती वीज करत होती. किंमत अशी, की ती पहिल्यांदा परवडली ती फक्त उपग्रहांना. १९५८ च्या व्हॅनगार्डवर ती बसली. मग जमिनीवर, सामान्य माणसाच्या उपयोगाला ती प्रथम कुठे आली असेल? मी समजत होतो कुठल्यातरी श्रीमंत देशात. तर नाही. शाळेपुरते बोलायचे तर तिचा मान आफ्रिकेतल्या नायजर नावाच्या वाळवंटी, अतिशय गरीब देशाकडे जातो.

नायजरमध्ये साठच्या दशकात टीव्हीवरून शाळा शिकवण्याचा प्रयोग चालला होता. शिक्षक कमी, गावे विखुरलेली आणि वीज नाही. टीव्ही बॅटरीवर चालवता येई, पण बॅटऱ्या वाळूतून वाहून नेऊन बदलत राहणे फार महाग पडे. तेव्हा १९६८ साली राजधानी नियामेजवळच्या गुदेल या गावच्या शाळेवर सौर पॅनेल लावून टीव्ही चालवला गेला. त्या देशाचे सौरऊर्जेचे सरकारी कार्यालय पुढे ज्यांनी नावारूपाला आणले, ते अब्दू मुमूनी दिओफो भौतिकशास्त्राचे अभ्यासक तर होतेच, पण आफ्रिकेतल्या शिक्षणावर १९६४ साली त्यांनी पुस्तकही लिहिले होते. सूर्य आणि शाळा या दोन गोष्टी एकाच माणसाच्या डोक्यात शेजारी-शेजारी होत्या. आज नियामेच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. चंद्रावर माणूस उतरायच्या आदल्या वर्षी एका मातीच्या गावातली पोरे उन्हावर चालणारा टीव्ही पाहत बसली होती, आणि जगाच्या इतिहासाच्या पुस्तकात त्यांना एक ओळ नाही.

आपल्याकडेही १९७५ च्या १ ऑगस्टपासून वर्षभर उपग्रहावरून खेड्यांना टीव्ही दाखवण्याचा मोठा प्रयोग झाला. सहा राज्ये, चोवीसशे गावे. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण शेजारचा छत्तीसगडचा भाग होता. तेव्हा सौर पॅनेल आपल्या हाताशी नव्हते. गाझियाबादजवळ साहिबाबादला १९७४ साली सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स ही सरकारी कंपनी निघाली. तिने १९७७ साली देशातली पहिली सौर चकती आणि १९७८ साली पहिले पॅनेल तयार केले. जगात तेव्हा एका वॅटच्या चकतीला सुमारे ७६ डॉलर पडत. आज अर्धा डॉलरही पडत नाही.

१९८२ साली दिल्लीत अपारंपरिक ऊर्जेचा वेगळा विभाग झाला, १९८५ साली आपल्या राज्यात ‘महाऊर्जा’ स्थापन झाली आणि सौर कंदील खेड्यांत यायला लागले. दहा वॅटचे पॅनेल, सात वॅटची सीएफएल नळी आणि पोटात बंद शिशाची बॅटरी. तीन-चार तास उजेड. मेळघाटच्या जंगलात, जिथे तारा न्यायला वनखात्याच्या परवानग्या मिळत नव्हत्या, तिथे तर दुसरा उपायच नव्हता. योजना चांगली होती. पण पॅनेल वीस-पंचवीस वर्षे टिकते आणि तसली बॅटरी तीन वर्षांत दम तोडते. चौथ्या वर्षी नवी बॅटरी कुणी आणायची, हे बहुतेक कागदांवर लिहिलेलेच नसे.

काही वर्षांपूर्वी गडचिरोलीकडे एका आश्रमशाळेत कवितावाचनाला गेलो होतो. शाळेचे नाव सांगत नाही. छपरावर सहा पॅनेल ऐटीत उभी होती. संध्याकाळ झाली तसे शिपायाने टेबलावर मेणबत्ती आणून ठेवली. मी वर बोट दाखवले. मुख्याध्यापक म्हणाले, ‘सर, ते दीड वर्ष चाललं. मग बॅटऱ्या बसल्या. पत्र पाठवलं, उत्तर आलं की बसवणाऱ्या एजन्सीची मुदत संपली.’ बॅटऱ्यांच्या खोलीत आता सरपण ठेवले होते. मी मेणबत्तीवर कविता वाचली. पोरींना त्या अंधाराचे काही वाटत नव्हते. मलाच वाटत होते.

ही गाठ ज्यांनी सोडवली त्यांनी पॅनेलपासून नव्हे, माणसापासून सुरुवात केली. राजस्थानात तिलोनियाला बंकर रॉय यांनी १९७२ साली काढलेल्या संस्थेने ढोरे राखणाऱ्या मुलांसाठी रात्रशाळा चालवल्या. कामकऱ्यांसाठी रात्रशाळा ही कल्पना आपल्याला नवी नाही, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ सालीच ती काढली होती. तिलोनियाने पुढे त्या रात्रशाळांत सौर कंदील आणले आणि दुरुस्ती शिकवली ती गावातल्याच बायकांना, ज्यांतल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हते. तारांचे रंग ओळखून, सुटे भाग हाताळून त्या शिकल्या. पुढे आफ्रिकेतल्या आज्याही तिथे येऊन शिकून गेल्या. कर्नाटकात सेल्को या हरीश हांडे यांच्या कंपनीने आणखी सोपी युक्ती काढली. पॅनेल शाळेत, दिवा घरी आणि बॅटरी मुलाच्या दप्तरात. बॅटरी भरायची तर शाळेत यावेच लागते. हजेरी वाढवण्याचा असा उपाय कुठल्या शिक्षणाधिकाऱ्याला सुचला नसता!

महाराष्ट्रातले उदाहरण द्यायचे तर ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातला पाष्टेपाडा हा आदिवासी पाडा. इथल्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक संदीप गुंड यांनी २०१० नंतरच्या दोन-चार वर्षांत वर्गात टॅब आणले, स्पर्शाने चालणारा फळा आणला. मुंबईपासून काही तासांवर, पण वीज बेभरवशाची. तेव्हा त्यांनी शाळा सौरऊर्जेवर घेतली. ही शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक येऊ लागले. ‘डिजिटल शाळा’ हा शब्द गावागावांत गेला त्यात पाष्टेपाड्याचा मोठा वाटा आहे. बाहेरून पाहणाऱ्यांना टॅब दिसले. मला त्यातली मोठी गोष्ट वाटते ती ही, की यंत्र चालते की नाही याची काळजी वाहणारा माणूस रोज सकाळी त्याच वर्गात उभा होता.

कारण तारेची वीज आलेल्या शाळांचेही काही फार बरे नव्हते. कित्येक वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांना बिल यायचे ते दुकानाच्या, म्हणजे व्यापारी दराने. २०१२ साली वीज नियामक आयोगाने सार्वजनिक सेवांसाठी वेगळा वर्ग केला तेव्हा थोडा दिलासा मिळाला. पण बिल भरायला शाळेकडे वेगळा पैसा नसायचा. शिक्षक वर्गणी काढत, नाहीतर थकबाकीपोटी वीज तोडली जाई. संगणक कपाटात आणि मीटरला सील, अशा शाळा मी स्वतः पाहिल्या आहेत.

आता तिसरा दिवा. तो मुंबईचा. पवईच्या आयआयटीतले प्राध्यापक चेतनसिंह सोळंकी मूळचे मध्य प्रदेशातल्या खरगोन जिल्ह्यातल्या एका खेड्यातले. कंदिलावर शिकलेला माणूस पुढे सौर चकत्यांचा तज्ज्ञ झाला की काय करतो? त्यांनी २०१४ साली दहा लाख शाळकरी मुलांना अभ्यासाचा सौर दिवा देण्याचा कार्यक्रम हाती घेतला. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, राजस्थान आणि ओडिशा ही पहिली चार राज्ये. दिवा फुकट नाही. मुलाने १२० रुपये द्यायचे, बाकी खर्च सरकारने आणि धर्मादाय संस्थांनी. दिवे कारखान्यातून तयार होऊन येणार नाहीत, तर सुटे भाग तालुक्याला येणार आणि गावातलीच माणसे, विशेषतः बाया, ते जोडणार. ज्यांनी जोडले तेच दुरुस्त करणार. दहा लाखांचा आकडा दोन वर्षांच्या आसपास पार पडला. पुढे आणखी सत्तर लाख दिव्यांची योजना झाली. वर्ध्याच्या कुमारप्पांना हा हिशेब एका नजरेत पटला असता.

हे शक्य झाले ते एलईडीमुळे. नव्वदच्या दशकात जपानी शास्त्रज्ञांनी निळा एलईडी साधला, त्यातून पांढरा उजेड आला, आणि त्या कामाला नोबेल मिळाले तेही २०१४ सालीच. जिथे जुन्या कंदिलाला सात वॅटची नळी लागे तिथे एखाद्या वॅटमध्ये वहीचे पान नीट उजळू लागले. वीज कमी लागली म्हणून बॅटरी लहान झाली आणि पॅनेल तळहाताएवढे.

असा एक अभ्यासाचा दिवा मी आपासाठी घेऊन गेलो होतो. ती आता साठी ओलांडलेली, नातवंडांची. मी बटण दाबले. ती जरा दूर सरकली. मग डावा हात पुढे करून तिने त्याच्या डोक्याला बोट लावले आणि विचारले, ‘गरम नै होता?’ मी म्हटले, नाही. तिने बोट तसेच ठेवले, बराच वेळ. दिवा तिने नातीला दिला नाही. तो तिच्या उशाशी असतो.

असो. शाळेकडे वळतो. शाळा दिवसा भरते, तिला दिवा कशाला, असे मला एका साहेबांनी विचारले होते. त्यांनी पावसाळ्यातला टिनाचा वर्ग पाहिलेला नसावा. झड लागली की खिडक्या बंद आणि मागच्या बाकांवर फळा दिसत नाही. एप्रिलमध्ये पंखा नसेल तर पोरांना घेऱ्या येतात. पण त्यांच्या प्रश्नात एक खरी गोष्ट दडलेली आहे. शाळेची वेळ आणि उन्हाची वेळ एकच असते. अकरा ते पाच. म्हणून शाळेला बॅटरीचा मोठा बाडबिस्तरा लागत नाही. छपरावरून थेट पंख्याला. आणि २०१५ पासून राज्यात नेट मीटरिंगचे नियम आले. उरलेली वीज तारेत सोडायची आणि बिलातून वजा करायची. रविवारचे ऊन वाया जात नाही, उन्हाळी सुट्टीचेही नाही. विदर्भात शाळा बाकीच्या राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. ते बंद वर्ग त्या काळात शाळेसाठी कमावतात.

मात्र दोन गोष्टी गावाला कुणी सांगत नाही. पहिली, अशी तारेला जोडलेली पॅनेल तारेतली वीज गेली की आपोआप बंद पडतात. तो बिघाड नव्हे. खांबावर चढलेल्या लाइनमनला आपल्या छपरावरची वीज लागू नये म्हणून तशी सोय आहे. ज्या गावात वीज सारखी जाते तिथे थोडी का होईना बॅटरी ठेवावीच लागते. दुसरी, आपल्याला वाटते नागपूरचा मे महिना म्हणजे सौर विजेची चांदी. पण पॅनेलला ऊन हवे असते, उष्णता नको. पंचवीस अंशांच्या वर दर अंशाला त्याची ताकद साधारण ०.४ टक्क्याने उतरते आणि तापल्या टिनावर ते साठ-सत्तर अंशांपर्यंत जाते. म्हणून ते टिनाला चिकटवायचे नसते. खालून वारा खेळता ठेवायचा, तोंड दक्षिणेला आणि उतार आपल्याकडे सुमारे एकवीस अंशांचा. आपल्या अक्षांशाएवढा.

उमरेडच्या पुढे, कोळशाच्या खाणीच्या पट्ट्यात अशी एक शाळा आहे. मी मागच्या हिवाळ्यात गेलो होतो. रस्त्याने दिवसभर कोळशाचे ट्रक जातात. शाळेवर दोन किलोवॅटचे सौर संच आहे आणि कोळशाची काळी भुकटी त्यावर रोज बसते. कोळसा आणि सूर्य यांचे भांडण मी इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिले. मॅडमनी सांगितले, पहिल्या वर्षी युनिट उतरत गेले तेव्हा सगळ्यांना वाटले यंत्र बिघडले. माणूस बोलावला. तो आला, बोटाने पॅनेलवर रेघ ओढली, हसला आणि गेला. तेव्हापासून शनिवारी, सकाळच्या शाळेत, सातवीच्या मुलींची पाळी असते. ऊन चढायच्या आत, कारण तापलेल्या काचेवर गार पाणी पडले तर ती तडकायची भीती.

मी पोचलो तेव्हा सात वाजून गेले होते. दोघी शिडीवर, एक खाली नळाशी, हातात लांब दांड्याचे फडके. काळे पाणी टिनाच्या पन्हाळीतून खाली मोगऱ्याच्या आळ्यात जात होते. खालच्या मुलीकडे एक वही होती, आठवड्याचे युनिट लिहायची. मी ती पाहायला मागितली. तिने एकदा मॅडमकडे पाहिले आणि मग दिली. तारखा, आकडे आणि प्रत्येक शनिवारापुढे सुंदर वळणदार अक्षरात एकच नोंद. धुण्याआधी सहा, धुतल्यावर आठ.

‘अक्षर कोणाचं?’ मी विचारले.

‘माझंच,’ ती म्हणाली, आणि वरच्या दोघींना ओरडली, ‘अवं, त्या कोपऱ्यातलं राहिलं ना!’